उलट्या काट्याचं तीर्थ

"फिरला! काटा फिरला रे फिरला!"

पंपहाऊसच्या दारातून आरोळी उठली आणि बाहेर उन्हात ताटकळलेल्या दोन-अडीचशे माणसांचे हात एकदम जोडले गेले. कुणाजवळ तांब्या, कुणाजवळ किटली, कुणाजवळ सलाइनची रिकामी बाटली. एका बहाद्दरानं तर कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा धुऊन आणला होता. कशाला? तीर्थ न्यायला! मी खांद्यावरची हत्यारांची पिशवी सांभाळत गर्दीत घुसलो, तर एका म्हातारीनं माझ्या पायांकडं बघून मला झापलं.

"मिस्तरी, चप्पल काढ की रं! आत गंगामाय यायलीय."

"आजी, आत पाच हॉर्सपॉवरची मोटर हाय."

"मोटर बंद हाय. लाइट गेलीय. तरी काटा फिरायलाय. सांग आता, कोण फिरवायलंय?"

ह्या धुरपताबाई. गावातल्या साऱ्या बाळंतपणांना आणि साऱ्या भांडणांना हजर असणारी बाई. मी चप्पल काढली.

मी सिताराम मिस्तरी. परभणीच्या वर्कशॉपात पाण्याचे मीटर दुरुस्त करतो. गोष्ट सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. बोरीच्या अलीकडं दोन कोसांवरचं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही, कारण चूक एकट्या गावाची नव्हती. गावाची नळयोजना साधीच होती. ओढ्याकाठी विहीर, विहिरीवर पंपहाऊस, तिथून निघालेली लोखंडी लाइन टेकडीवरच्या टाकीत चढलेली. पंपहाऊसमध्ये लाइनवर मीटर बसवलेला. मीटरच्या पोटात पात्यांची एक फिरकी असते. पाण्यानं ढकललं की फिरकी फिरते आणि वर तबकडीवर काटा फिरतो. ह्यात चमत्कार एवढाच, की सरकारी असूनही फिरतो.

आत मोटरीच्या चौथऱ्यावर घोंगडी टाकून जळगीर महाराज बसले होते. दाढी मेंदीनं लाल, गळ्यात शंख, आवाज असा की लाउडस्पीकरनं लाजावं.

"बघा रे बाळांनो! दुनियेतली सारी घड्याळं सुलटी फिरतात म्हणून माणूस म्हातारा होतो. माझ्या मायचा काटा उलटा फिरतो! गुडघेदुखी उलटी फिरंल, दमा उलटा फिरंल, कोर्टाचा निकाल उलटा फिरंल, गेलेली जवानी उलटी फिरून दारात उभी राहील!"

जवानीचं नाव निघताच समोरच्या एका गृहस्थांनी टकलावरून हात फिरवून अंदाज घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं.

"सात दिवस सात तीर्थं प्यायची," महाराजांनी बोट उगारलं. "आणि सात दिवस अळणी! मिठाचा कण पोटात गेला तर मायचा कोप. मग मला बोल लावू नका."

मीटरशेजारी एक छोटा नळ होता. महाराज तो सोडत होते आणि लोक भांडी पुढं करत होते. सरपंच दिनकरराव स्वतः दाराशी उभे राहून रांग लावत होते. माणूस तसा वाईट नव्हता. गुडघा दुखायचा, तिसऱ्या तीर्थाला थांबला, झालं! पंपहाऊसची किल्ली त्यांनी महाराजांच्या हवाली केली.

मी वाकून तबकडी पाहिली आणि माझं डोकं सणकलं. काटा खरंच उलटा फिरत होता. आकडे एकेक करून खाली उतरत होते.

इथं मला तीन आठवडे मागं जावं लागेल, आणि जायची मला लाज वाटते. गावाकडून वर्कशॉपात कागद आला होता, पंप बंद असताना मीटर चालतो म्हणून. मी आलो. तेव्हा लाइट होती, पंप चालू होता, मीटर गुणी लेकरासारखा सुलटा फिरत होता. मी उघडून पाहिला, फिरकी थोडी झिजलेली दिसली, 'मीटर नादुरुस्त' लिहून नवा बसवला. छातीवर हात ठेवून सांगितलं, आता बंद पंपावर फिरणार नाही. मोटर चालवणारा मुंजाजी, त्याची सात वर्षांची पोरगी पंचफुला तिथंच पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "काका, लाइट गेली की ह्यो उलटा फिरतोय."

"उलटा कसा फिरंल गं? तूच उलटी उभी राहून बघितलं असशील."

सगळे हसले. तीही हसली, पण हट्टानं म्हणाली, "मग थांबा की लाइट जाईपरयंत. दावते तुमाला."

मला एसटी गाठायची होती. मी तिच्या हातावर एक गोळी ठेवली आणि निघालो. मीटर बघितला, लाइन बघितली नाही. वीस वर्षं धंद्यात मुरलेल्या मिस्तरीनं शिकाऊ माणसासारखं काम केलं.

नवा मीटरही फिरलाच. मग गाव काय म्हणणार? "परभणीच्या मिस्तरीनं नवाकोरा मीटर बसवला, तरी उलटा फिरायलाय! म्हंजी मीटरमध्ये खोट न्हाई, माय खरी!" आठ दिवसांत हे जळगीर महाराज कुठूनसे उगवले. त्यांना मंत्र येत असो वा नसो, प्रमाणपत्र मीच लिहून दिलं होतं. ते निस्तरायलाच मी परत आलो होतो. महाराजांची हुशारी एवढीच, की लाइट कधी जाते हे त्यांनी पाठ केलं. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला. लाइट गेली की पाणी क्षणभर थबकतं, मग परत फिरतं. त्या क्षणाला महाराज "थांब माय!" म्हणायचे आणि चार आकडे मोजून "चाल माय!"

काटा उलटा म्हणजे पाणी उलटं. सात वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला तेव्हा दिसलं नाही. मी बाहेर येऊन मुंजाजीला गाठलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"पंचफुला कुठंय? तिचं बरोबर व्हतं बाबा, मीच गाढव."

"घरी हाय," तो म्हणाला. "कालपासून लय जुलाब व्हायलेत. उलट्या बी. पडूनच हाय."

मी त्याच्या घरी गेलो. पोरगी गोधडीवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे आत ओढलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. मी डॉक्टर नाही, पण पाण्याच्या धंद्यात हे बघायला मिळतं: अंगातलं पाणी आटलं होतं.

"केवळाबाई, हिला आत्ता जिंतूरला न्या. आणि आधी मीठ-साखरेचं पाणी पाजा, घोट घोट."

पोरीच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू विष मागितलं. "मीठ? पाच तीर्थं झाली हायेत तिची. पोट दुखायलं म्हणून चालू केलतं. दोन राह्यली. आता मीठ घालू अन् समदं वाया घालवू?"

"अहो, तीर्थच तिला मारायलंय!"

बोललो आणि जीभ चावली. मरणकळा आलेल्या लेकराच्या आईशी असं बोलतात होय? पण माझा स्वभाव हा असा, तोंड पुढं आणि डोकं मागं. केवळाबाई ताडकन उठली.

"गेल्या बारीला बी असंच छातीठोक बोललावता. नवा मीटर टाकला की बंद हुईल म्हणलाव. झाला का बंद? आता कामून ऐकू तुमचं? डोळ्यांनी दावा मला. खरं दिसलं तर माजी मी नेते, महाराजाला बी इचारणार न्हाई."

मी मुंजाजीकडं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"माझ्या हातात काय हाय मिस्तरी? निम्म्या गावानं पेलंय. म्या एकट्यानं न्हाई म्हणलं तर उद्या मोटरीवरून काढतेल. अन् पोरीला कायबी झालं तर म्हणतेल, बापानं सात पुरी करू दिली न्हाईत."

एक वाजला होता. जिंतूरची एसटी साडेतीनला. दोनला लाइट यायची होती, पाचला पुन्हा जायची होती. शहाण्या माणसानं त्या वेळी काय केलं असतं? पाया पडला असता, हात जोडले असते, पोरगी उचलून रस्त्यावर जाऊन उभा राहिला असता. मी म्हणालो, "दाखवतो. पाच वाजता पंपहाऊसवर या."

दोनला लाइट आली. मुंजाजी मोटर सुरू करण्याआधी पंपात बादलीनं पाणी ओतायला लागला.

"हे रोज करावं लागतं?"

"महिना झाला. पाडव्यापासून. आदी लागत नव्हतं."

इथं मला निम्मं कोडं सुटलं. विहिरीत पाइपाच्या तोंडाशी एक झडप असते. पाण्याला वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. ती नीट बसत नव्हती, म्हणून पंप रिकामा होत होता आणि लाइनमधलं पाणी मीटरमधून उलटं विहिरीत घसरत होतं. पंपाच्या वरची दुसरी झडप मागच्या वर्षीच गंजून गेली होती, ती कुणी बसवली नव्हती. पण तीर्थानं पोरगी आजारी का पडावी? मी लाइन धरून चालत निघालो. पंपहाऊसपासून तीन-चारशे पावलांवर, जरा चढावर, लाइन गावच्या गटाराखालून गेली होती आणि भर उन्हाळ्यात तिथं चार म्हशी चिखलात ऐसपैस लोळत होत्या. बैलगाड्या जाऊन जाऊन पाइपाचा सांधा तिथं उघडला होता. पंप चालू असला की सांध्यातून पाणी बाहेर उसळायचं, म्हशींची चंगळ. आणि पंप बंद झाला की? टाकीपाशी झडप लागलेली, म्हणजे वरून हवा यायला वाट नाही. खाली पाणी घसरतं, पाइप पोकळ होतो आणि जिथून मिळेल तिथून ओढतो. सांध्यातून गटार ओढतो! तेच मीटरमधून, तेच तीर्थाच्या नळात, तेच विहिरीत आणि दुसऱ्या दिवशी घराघरातल्या माठात.

वाण्याकडून मी निळीच्या सहा पुड्या आणल्या. म्हशी हाकलल्या आणि गटारात उतरून सांधा मोकळा करू लागलो. साडेतीनची एसटी धूळ उडवत रस्त्यानं गेली. मी चिखलात गुडघाभर उभा होतो, हातात निळीच्या पुड्या होत्या आणि मी मनातून खूश होतो. आज महाराजाचा कसा पचका करतो बघा! हो, खूश होतो. खोटं कशाला बोलू.

पाचला मोटरीचा आवाज बंद पडला. उसळणारं पाणी बसलं, थबकलं, आणि सांधा सुर्र करून गटार आत ओढायला लागला. मी सहाही पुड्या कालवल्या. निळं निळं पाणी भोवरा करून पाइपात शिरताना बघितलं आणि चिखलाच्या पायांनी पंपहाऊसकडं पळत सुटलो.

पोचलो तेव्हा महाराजांच्या हातातल्या पितळी तांब्यात निळंशार पाणी पडत होतं. मी दम खात ओरडलो, "बघा! नीळ हाय ही! म्हशी बसतात त्या गटारात मी आत्ता टाकली!"

महाराजांनी माझ्याकडं बघितलं. मग तांब्याकडं. त्या माणसाला विचार करायला तेवढाच वेळ लागला, जेवढा मला शिंकायला लागतो.

"नीलकंठ!" त्यांनी शंख उचलला. "नीलकंठ! माय आज शंकराच्या गळ्यातून आली! हलाहल पचवून आली!"

"हर हर महादेव!"

पंपहाऊसचे पत्रे थरथरले. दिनकरराव त्या 'बऱ्या झालेल्या' गुडघ्यावर सपशेल आडवे झाले. मी घसा फाडून सांगत होतो, गटार आहे बाबांनो, गटार! महाराजांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "ह्या अडाणी मिस्तरीच्या हातून मायनं लीला करून घेतली. गटार कुणाला म्हणतोस रे? पाताळगंगा ती!" आणि एकानं, आईशप्पथ, माझ्या चिखलाच्या पायांना हात लावून नमस्कार केला. लोक निळं पाणी ओंजळीनं प्यायला लागले. माझ्याजवळ पुरावा होता, युक्ती होती, सगळं होतं. कशाचा काही उपयोग झाला नाही.

केवळाबाई सहावं तीर्थ न्यायला आली होती. तिच्या पेल्यातही निळं पाणी पडलं होतं. ती बाजूला उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिनं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, पदराच्या टोकाला पुसलं आणि डाग नाकाशी नेला. दिनकररावांच्या घरचं धुणं तीच धुवायची.

"ही नीळ हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "दहा वर्षं झाली पांढरी धोतरं निळीतून काढायले मी. मला नीळ वळखायची न्हाई?"

महाराज म्हणाले, "बाई, शंका नको."

ती त्यांच्याशी बोलतच नव्हती. "मंग हे पाचबी गटारच पाजलं का मी तिला?" तिनं मला विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. पेला तिथंच टाकून ती घराकडं पळाली.

एसटी नव्हती. गावात ट्रॅक्टर एकच, दिनकररावांचा. ते म्हणाले, "महाराजांचा कौल घेतो, मग..." तेव्हा सकाळी माझी चप्पल काढायला लावणाऱ्या धुरपताबाई पुढं झाल्या. "कौल तुझ्या बापाचा घे! चावी दे आदी!" चावी मिळाली. मुंजाजीही मोटर सोडून आला. ट्रॉलीत केवळाबाई मांडी घालून बसली, मांडीवर पंचफुला. मी धुरपताबाईंच्या चुलीवर पाणी उकळून मीठ-साखर घालून घेतलं होतं. चमच्यानं तोंडात घालत राहिलो. चार चमचे गिळले तिनं. मग गिळेना. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून मानेवर यायला लागलं. मी पुसायचो आणि पुन्हा घालायचो.

"बास करा मिस्तरी," मुंजाजी म्हणाला. बोरीचे दिवे दिसायला लागले होते.

ट्रॅक्टर तिथूनच माघारी वळवला.

सकाळी महाराज गावात नव्हते. पहिल्या एसटीनं गेले म्हणे. मी दोन माणसं घेऊन विहिरीतला पाइप वर ओढला. सगळं गाव काठावर उभं होतं. पाइपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीला खण गुंडाळले होते. ओटीचे खण, हिरवे, लाल, जांभळे, कुजून लिबलिबीत झालेले. गाळणी एका अंगाला गंजून फाटली होती. आत हात घातला तर झडपेच्या फटीत घट्ट अडकलेलं एक हळकुंड निघालं.

पाडव्याला विहिरीला पाणी टिकावं म्हणून बायांनी विहिरीची ओटी भरली होती. तांदूळ, खण, सुपारी, हळकुंड, सगळं पाण्यात सोडलं होतं. त्यातलं एक हळकुंड पंपानं ओढलं आणि झडपेत अडकलं. झडप उघडी राहिली, काटा उलटा फिरला. काटा फिरला म्हणून माय प्रसन्न झाली, आणि माय प्रसन्न झाली म्हणून रोज नव्या ओट्या. झडप बंद व्हायला सवडच मिळाली नाही.

धुरपताबाईंनी हळकुंड माझ्या हातातून घेतलं. पदरानं पुसलं. "आमीच घातलं की हे," त्या म्हणाल्या. "वाईटासाठी न्हाई घातलं रं."

"ठाऊक हाय आजी."

झडप साफ करून बसवली. सांधा आवळला. अकराला लाइट गेली. अडीचशे माणसं दारातून, खिडकीतून काट्याकडं बघत होती. काटा थांबला आणि थांबूनच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी सगळं समजावून सांगितलं, झडप हातात धरून, पाणी ओतून, लहान लेकरालाही कळेल असं. काही माना हलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मिस्तरीनं माय हाकलली." दिनकरराव गुडघा चोळत निघून गेले. खरं दाखवलं की माणसं मानतात, असं मला तोवर वाटत होतं. काही मानतात, काही मानत नाहीत, आणि तुम्ही काट्याजवळ नुसते उभे राहता.

आता मी कुठल्याही गावी मीटर बघायला गेलो की लाइट जाईपर्यंत थांबतो, लाइन शेवटापर्यंत चालतो, आणि पोरं काय सांगतात ते आधी ऐकतो. कुणी बोलावलं तर सभेतही उभा राहून ही गोष्ट सांगतो. लोक हटकून विचारतात, "मग त्या बाबाचं पुढं काय झालं?" मला ठाऊक नाही. दुसऱ्या एखाद्या गावात असेल, दुसरा एखादा काटा फिरवत.

तुम्ही मात्र एवढं करा. जे आपोआप चालतंय असं वाटतं, त्याच्यापुढं हात जोडण्याआधी ते कशानं चालतंय ते शोधा. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते पायी चालून बघा. पण घरात लेकरू जुलाबानं सुकायला लागलं असेल तर ह्यातलं काहीसुद्धा करू नका. तांब्याभर उकळून निववलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ, घोट घोट पाजत दवाखाना गाठा. आई नको म्हणत असेल तर तिचे पाय धरा, पण लेकरू उचला. वाद मागाहून घालता येतो.

मी आधी वाद घातला.